वनधन केंद्रे : अनुदान आणि वनोपजाचे अर्थकारण

मोहफुले, चिंच, हिरडा, मध, लाख अशा गौण वनोपजावर आदिवासी गावांतच प्रक्रिया व्हावी, या हेतूने केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने वनधन योजना आखली. पहिल्या केंद्राचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर येथे झाले. अंमलबजावणी ट्रायफेड या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी महासंघाकडे सोपविण्यात आली.

वीस सभासदांचा एक बचतगट आणि अशा पंधरा गटांचे एक केंद्र, अशी सर्वसाधारण रचना आहे. तीनशे सभासदांच्या केंद्रास १५ लाख रुपयांचे अनुदान ठरले. म्हणजे माणशी पाच हजार. प्रशिक्षण व अवजारांपुरती ही रक्कम ठीक आहे. परंतु संग्राहकाची मुख्य अडचण हंगामातील खेळत्या भांडवलाची असते. मोहफुले साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये गळतात. हाती पैसा नसल्याने ती तेव्हाच मिळेल त्या भावाने विकावी लागतात. पुढे भाव चढतात, तोवर माल व्यापाऱ्याच्या कोठारात गेलेला असतो. यावर उपाय म्हणून २०१३-१४ मध्ये किमान आधारभूत किमतीची योजना आली. मात्र सरकारी खरेदी वेळेवर सुरू झाली तरच तिचा उपयोग.

हक्काचा प्रश्न याहून जुना आहे. गौण वनोपजाची मालकी २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केली, त्यात बांबूही आला. तरीही २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती बांबूचे वाहतूक परवाने पडले ते एप्रिल २०११ मध्ये.