जावे की राहावे? कोकणातील बेने इस्रायल आणि स्थलांतराचा निर्णय

१/ १९५२ साली काही मराठी भाषक कुटुंबे इस्रायलहून मुंबईत परतली. अवघ्या काही वर्षांपूर्वी ती पूर्वजांची भूमी म्हणून तिकडे गेली होती. ‘आम्हांला भारतात परत पाठवा’ या मागणीसाठी त्यांनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला होता. आणि तरीही, परत आल्यावर काही वर्षांतच त्यांतील बहुतेकांनी पुन्हा इस्रायलची वाट धरली. हा धागा त्या जाण्या-येण्याचा.

२/ ही कुटुंबे बेने इस्रायल समाजाची. समाजाच्या परंपरेनुसार शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज म्हणजे हा समाज. कथेचा काळ इतिहासकारांना निश्चित करता आलेला नाही. मृतांचे दफनस्थळ मानल्या जाणाऱ्या नवगावच्या जागेवर आज स्मारक उभे आहे.

३/ कोकणात हा समाज तेलाचे घाणे चालवी. शनिवारी, म्हणजे ज्यू धर्मातील विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद असे. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. आडनावे गावांवरून पडली : किहीमकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर. भाषा मराठी, स्त्रियांचा पोशाख नऊवारी. वेगळेपण जपले गेले ते शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना यांत.

४/ अठराव्या शतकापासून ही माणसे मुंबईकडे सरकू लागली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईतील पहिले सिनेगॉग उभारले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. इंग्रजी अमलात समाजातील पुरुष कंपनीच्या फौजेत, पुढे रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्यांत दिसू लागले. घाण्याच्या जागी पगार आला. स्थलांतराचा पहिला निर्णय हाच : रेवदंडा-अलिबागहून मुंबईचा. परदेशाचा प्रश्न नंतरचा.

५/ हा समाज मुंबईत उपरा राहिला नव्हता. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने समाजाची शाळा निघाली. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हरिकीर्तनाचा बाज आणि आख्यान मोशे किंवा योसेफाचे! पुढे डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. डेव्हिड अब्राहम चेऊलकर हिंदी चित्रपटांत ‘डेव्हिड’ या नावाने घरोघरी पोहोचले.

६/ १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरली. मुंबईच्या बेने इस्रायल मंडळींनाही बोलावणे आले होते. त्यांनी नम्रपणे नकार कळवला. जेरुसलेमला परतणे हे ईश्वराच्या हाताने घडेल, माणसांच्या परिषदेने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ‘जावे का?’ या प्रश्नाला समाजाने दिलेले पहिले सार्वजनिक उत्तर असे नकाराचे होते.

७/ पन्नास वर्षांनी परिस्थिती पालटली. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले. त्या वेळी बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. याच काळात, १९५०-५१ मध्ये, इराकमधून एक लाखाहून अधिक ज्यूंना देश सोडावा लागला. भारतात तसे काहीही घडले नव्हते. कोणी घर जाळले नाही, कोणी ‘निघा’ म्हटले नाही. म्हणूनच इथला निर्णय समजून घेणे अधिक अवघड आहे.

८/ मग जायचे कशासाठी? कारणे अनेक आणि एकमेकांत गुंतलेली होती. धर्माची ओढ होती : रोजच्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव येई, तिथे आता राज्य उभे राहिले होते. फाळणीच्या हिंसाचाराने साऱ्याच लहान समाजांच्या मनात धाकधूक निर्माण केली होती. इंग्रजी राजवटीत सरकारी नोकरीवर उभा राहिलेला हा वर्ग पुढे आपले काय, या चिंतेत होता. आणि मुंबईत जागेची टंचाई तर होतीच.

९/ पुढचा प्रश्न ‘कुठे?’ हा होता. काहींनी ब्रिटन निवडले, पुढे काहींनी ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा. पण त्यासाठी शिक्षण, पैसा किंवा ओळख लागे. इस्रायलचा मार्ग वेगळा होता. जुलै १९५० मध्ये तेथे ‘परतीचा कायदा’ झाला आणि प्रत्येक ज्यूला तेथे स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. प्रवासाला ज्यू एजन्सीचे साहाय्य मिळे. गिरणीतल्या जॉबरला किंवा कचेरीतल्या कारकुनालाही परवडेल असे परदेशगमन ते एवढेच.

१०/ १९४८ ते १९५२ या काळात सुमारे २,३०० बेने इस्रायल तिकडे गेले. मात्र ‘इस्रायलला जायचे’ हा निर्णय त्यांचा असला, तरी ‘इस्रायलमध्ये कुठे’ हा निर्णय बहुधा त्यांच्या हाती नसे. नवे राज्य लाखो निर्वासितांना सामावून घेत होते. अन्नधान्य रेशनवर होते, घरे अपुरी होती आणि येणाऱ्यांना दूरच्या नव्या वस्त्यांत पाठवले जाई.

११/ त्यातली एक जागा म्हणजे नेगेव वाळवंटातील बेरशेबा. समुद्र, लोकल आणि कचेरीची सवय असलेला माणूस तेथे उतरला की समोर वाळू, तात्पुरते निवारे आणि अंगमेहनतीचे काम. हिब्रू फक्त प्रार्थनेपुरती ठाऊक. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळी होती : कामाच्या आणि घराच्या वाटपात आपल्याला वर्णावरून मागे ठेवले जाते, अशी त्यांची तक्रार होती.

१२/ या तक्रारीतून १९५१-५२ मध्ये तेल अवीव येथे ज्यू एजन्सीच्या कचेरीसमोर ठिय्या आंदोलन झाले, उपोषणेही झाली. मागणी एकच : भारतात परत पाठवा. अखेर १९५२ ते १९५४ दरम्यान तीनशेहून अधिक माणसांना एजन्सीने परत धाडले. दोन हजार वर्षे परतीची वाट पाहणाऱ्या परंपरेतली माणसे त्या भूमीतून परत जाण्यासाठी उपोषण करीत होती. राज्यकर्त्यांना हे दृश्य अवघडून टाकणारे होते.

१३/ पण मुंबईत परतणे म्हणजे पूर्वीच्या आयुष्यात परतणे नव्हते. राजीनामा दिलेली नोकरी आणि सोडलेली भाड्याची खोली माणसाची वाट पाहत थांबत नाही. शिवाय मागे राहिलेल्या आप्तांपैकी अनेकजण एव्हाना स्वतःच निघण्याच्या तयारीत होते. काही वर्षांनी परतलेल्यांतील बहुतेकांना एजन्सीनेच पुन्हा इस्रायलला नेले.

१४/ याच काळात याच समाजातला एक तरुण वेगळ्या दिशेने परतत होता. निस्सीम इझिकेल १९४८ मध्ये लंडनला गेले होते. तत्त्वज्ञान, कविता आणि तळघरातली खोली असे तिथले दिवस होते. १९५२ मध्ये एका मालवाहू जहाजावर खलाश्याचे काम करीत ते मायदेशी आले. आधुनिक भारतीय इंग्रजी कवितेचे ते प्रवर्तक ठरले आणि २००४ मध्ये मुंबईतच वारले. जगातल्या कोणत्याही ठिकाणाऐवजी हे शहर, असा निर्णय त्यांनी जाणून घेतला.

१५/ इस्रायलमध्ये राहिलेल्यांपुढे साठच्या दशकात अधिक कठीण प्रश्न उभा ठाकला : विवाहाचा. तेथे ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. शेकडो वर्षे कोकणात या समाजाला धर्मगुरू नव्हते. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे लेखी घटस्फोट देण्याची रीतही नव्हती. मग जुन्या पुनर्विवाहांतून झालेली संतती शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष मानावी का, अशी शंका धर्मपंडितांनी काढली.

१६/ १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने असे विवाह सरसकट निषिद्ध नाहीत, असा निर्णय दिला. पण १९६२ च्या सूचनांनी त्याला अट जोडली : बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यू व्यक्तीशी विवाह नोंदवताना तिच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. अलिबागच्या पणजीचा दाखला कोणी कुठून आणायचा? ज्या गावाने शनिवारच्या बंद घाण्यावरून त्यांना ओळखले होते, तिथे असा पुरावा कोणी कधी मागितलाच नव्हता.

१७/ १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायल जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले. या वेळी मागणी ‘परत पाठवा’ ही नव्हती. ‘आम्ही ज्यू आहोत हे मान्य करा’ ही होती. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आपल्या सूचनांतून या समाजाचे नाव वगळले.

१८/ दोन आंदोलनांतले हे अंतर नीट पाहावे. १९५२ मधली मागणी बाहेर पडण्याची होती आणि १९६४ मधली आत राहण्याची. बारा वर्षांत हा समाज त्या देशात पाहुणा राहिला नव्हता. तिथेच राहायचे या निश्चयाने तो भांडत होता.

१९/ इतका अपमान सोसूनही पुढील दशकांत भारतातून जाणे का थांबले नाही? याचे उत्तर पुष्कळदा विचारसरणीत शोधले जाते. ते अंकगणितातही आहे. ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या संख्येला ‘मिनयान’ म्हणतात. वस्तीतील चार घरे गेली की आठच पुरुष उरतात. सिनेगॉगची इमारत उभी असते, दिवा लागतो, पण पूर्ण प्रार्थना होऊ शकत नाही.

२०/ विवाहाचेही तेच. मूळ समाज वीस हजारांचा. त्यातला तरुण वर्ग निघाला की मागे राहिलेल्यांना मुलांसाठी स्थळे मिळेनात. म्हणजे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाबरोबर राहणे थोडे अधिक अवघड होत गेले. ज्याला जायचे नव्हते, त्याच्यापुढेही शेजाऱ्याच्या निर्णयाने तोच प्रश्न येऊन ठेपला. प्रत्येक घराने आपापला विचार केला, आणि त्या साऱ्या विचारांची बेरीज म्हणजे एका समाजाचे स्थलांतर.

२१/ म्हणूनच ‘राहिले ते देशप्रेमी, गेले ते धर्मप्रेमी’ ही विभागणी टिकत नाही. एकाच घरातले दोन भाऊ दोन देशांत गेले आणि दोघांचीही कारणे खरी होती. बेंजामिन अब्राहम सॅमसन भारतीय नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरलच्या पदापर्यंत पोहोचले. पडद्यावरचे लाडके डेव्हिड चाचा आयुष्याच्या अखेरीस कॅनडात गेले आणि १९८१ मध्ये तिथेच वारले. या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही.

२२/ आज बेने इस्रायलांची मोठी संख्या इस्रायलमध्ये आहे : बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या गावांत. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. मंगलप्रसंगी आजही प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा होतो : गोड पोहे, नारळ आणि फळे. वाळवंटातल्या घरात पोहे भिजतात, ही कोकणाचीच खूण.

२३/ भारतात काही हजार ज्यू उरले आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग, पेण, रेवदंडा येथील सिनेगॉग उभी आहेत. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे आली, तर दहाची संख्या भरते.

२४/ देश सोडण्याचा निर्णय बाहेरून पाहणाऱ्याला एका क्षणाचा वाटतो : तिकीट, जहाज, निरोप. बेने इस्रायलांचा इतिहास सांगतो की तो निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. १८९७ मध्ये नकार, १९४८ नंतर होकार, १९५२ मध्ये माघार, काही वर्षांत पुन्हा प्रस्थान, १९६४ मध्ये तिथेच पाय रोवणे. यातले एकही उत्तर चुकीचे नव्हते. प्रत्येक वेळी प्रश्न विचारणारी परिस्थिती निराळी होती.

२५/ अलिबागला जाणे झाले तर नवगावचे स्मारक आणि इस्रायल आळीतले सिनेगॉग अवश्य पाहावे. तिथल्या दफनभूमीतील दगडांवर हिब्रूशेजारी मराठी अक्षरे कोरलेली दिसतात. गेलेल्यांचे पूर्वज इथेच आहेत. (धागा समाप्त)