फाटलेले आभाळ आणि मोटारीचा कंडेन्सर

१/
‘आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावायचे?’ ही म्हण हतबलता सांगण्यासाठी वापरली जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आभाळ खरोखरच फाटल्याचे उघड झाले. पुढे त्याला ठिगळ लावण्याच्या कामात मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचाही वाटा होता. ही हकिकत मोटारीच्या एसीतील कंडेन्सरची आणि त्यातून गळणाऱ्या वायूची. #थ्रेड

२/
मोटारीच्या पुढच्या जाळीआड, रेडिएटरच्याही पुढे, पातळ पत्र्यांची एक चौकट असते. तो कंडेन्सर. कॉम्प्रेसरने दाबलेले तप्त शीतक, म्हणजे कारागिरांच्या भाषेतला ‘गॅस’, येथे वाऱ्याला उष्णता देऊन द्रवरूप होते. डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये त्याचा पुन्हा वायू होताना ते गाडीतील उष्णता शोषून घेते. एसी गारवा निर्माण करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकण्याची जागा म्हणजे कंडेन्सर.

३/
हा गॅस निवडणे सोपे नव्हते. १९२० च्या दशकातील शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरले जात. घरात गळती झाली तर जिवावर बेतत असे. १९२८ मध्ये थॉमस मिजली, अल्बर्ट हेनी आणि रॉबर्ट मॅकनॅरी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर उपाय शोधला : सीएफसी-१२. बाजारात त्याचे नाव ‘फ्रिऑन’ पडले, गॅरेजमध्ये ‘आर-१२’.

४/
१९३० मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीभर ओढून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिजली धडधाकट राहिले. वायू विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. त्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्या कोणालाही पुढचे दिसणे शक्य नव्हते.

५/
१९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच एसी बसवलेली मोटार विक्रीस आणली. किंमत जादा २७४ डॉलर. शीतकॉइल मागच्या आसनाच्या पाठीशी होती आणि यंत्रणेला क्लच नव्हता. एसी पूर्ण बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढावा लागे. दोनेक वर्षांतच ही सोय मागे पडली.

६/
महायुद्धानंतर चित्र पालटले. १९५३ मध्ये मोठ्या अमेरिकी कंपन्या या क्षेत्रात परतल्या. १९५४ मध्ये नॅश कंपनीने गरम हवा, थंड हवा आणि वायुवीजन यांची एकत्र यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात सामावून दाखवली. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या मोटारींत एसी होता. त्या प्रत्येक एसीत आर-१२ होता.

७/
येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. घरातील फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच वेल्ड केलेल्या डब्यात बंद असतात. गॅस वर्षानुवर्षे टिकतो. मोटारीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा कवचातून बाहेर काढावा लागतो. नळ्यांत रबर असते, गाडी सतत हादरते आणि कंडेन्सर तर रस्त्यावरचे खडे अंगावर झेलत पुढेच उभा असतो. मोटारीचा एसी गळणारच.

८/
या गळतीवरचा उपाय ठरलेला होता : गारवा कमी झाला, की गॅस भरा. अमेरिकेत त्याचे छोटे डबे दुकानात सहज मिळत. कंडेन्सर बदलायचा असेल, तर आधी झडप उघडून उरलेला गॅस हवेत सोडून देत. नळ्या साफ करायलाही हाच गॅस फवारला जाई. यात कोणाला गैर वाटत नसे. वायू निरुपद्रवी होता, स्वस्त होता आणि आभाळ अफाट होते.

९/
तो हवेत सोडलेला गॅस जात कुठे होता? १९७० च्या दशकारंभी ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी जहाजातून अटलांटिकवर मोजमाप केले. वस्तीपासून दूर, भर समुद्रावरही सीएफसीचा अंश सापडला. याचा अर्थ, हा वायू हवेत विरघळून नाहीसा होत नव्हता, साचत होता.

१०/
जून १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पुढचा दुवा जोडला. सीएफसी इतका स्थिर की खालच्या हवेत त्याचे काहीच होत नाही. तो हळूहळू स्थितांबरात पोहोचतो. तेथे अतिनील किरणांनी त्याचा रेणू फुटतो आणि क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू नष्ट करू शकतो. ज्या स्थैर्यामुळे मेणबत्ती विझली, तेच स्थैर्य घातक ठरले.

११/
उद्योगजगताने या सिद्धान्तावर संशय घेतला. मग मे १९८५ मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रातील नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथील वसंतात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, ओझोनचे प्रमाण प्रचंड घटत होते. आभाळ फाटले होते, आणि आता त्याची मोजमापेही हाती होती.

१२/
१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. १९९० च्या लंडन दुरुस्तीने विकसनशील देशांच्या खर्चासाठी निधी उभारण्याचे ठरले आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. करारावर सह्या मुत्सद्द्यांच्या होत्या. अंमलबजावणी मात्र तेलकट हातांनी करायची होती.

१३/
अमेरिकेत मोटारींचे एसी हा आर-१२ चा सर्वांत मोठा वापर होता. १९९२ पासून तेथे गॅस हवेत सोडणे बेकायदा ठरले. गॅरेजला गॅस ओढून, गाळून परत वापरणारे यंत्र घ्यावे लागले आणि कारागिराला प्रमाणपत्र. विकसित देशांत १९९६ पासून उत्पादन थांबले, तसे भाव चढले. मायामी बंदरातून आर-१२ ची तस्करी होऊ लागली. काल झडप उघडून सोडून दिलेला वायू आज चोरट्या मार्गाने येत होता!

१४/
बदली गॅस होता आर-१३४ए. त्यात क्लोरीन नाही. पण तो जुन्या यंत्रणेत सरळ भरता येत नव्हता. जुने खनिज तेल त्यात मिसळत नसे, म्हणून तेल बदलले. ओ-रिंगचे रबर बदलले. चुकून मिश्रण होऊ नये म्हणून गॅस भरण्याच्या तोंडांची घडणही बदलली. भर उन्हात या गॅसचा दाब आर-१२ पेक्षा अधिक चढे. जुना कंडेन्सर अपुरा पडू लागला.

१५/
जुन्या कंडेन्सरमध्ये एकच नळी नागमोडी वळणे घेत खाली येई. नव्या घडणीत दोन बाजूंच्या उभ्या नळ्यांमध्ये अनेक चपट्या नळ्या समांतर बसवल्या गेल्या. प्रत्येकीच्या आत बारीक बारीक मार्ग. उष्णता झपाट्याने बाहेर पडू लागली. पण कॉम्प्रेसर झिजून त्याचा कीस या मार्गांत अडकला, तर तो धुऊन निघेना. जुनी नळी डाग देऊन सांधता येई. नवा कंडेन्सर बदलावाच लागतो.

१६/
भारतात २००० च्या नियमांनी १ जानेवारी २००३ पासून नव्या उत्पादनांत सीएफसीचा वापर थांबवला. अपवाद दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा. १ ऑगस्ट २००८ पासून, औषधी वापर वगळता, सीएफसीचे उत्पादनही थांबले. विकसनशील देशांना २०१० ची मुदत होती. भारताने ती आधीच गाठली.

१७/
आज कंडेन्सर बदलण्याच्या प्रत्येक पायरीत हा इतिहास दडलेला आहे. आधी गॅस यंत्राने ओढून घ्यायचा. हवेत सोडायचा नाही. उघड्या नळ्यांना लगेच टोपणे लावायची, कारण नवे तेल हवेतील ओलावा शोषते. ओ-रिंग नव्या, तेल लावून बसवायच्या. जुन्या कंडेन्सरमध्ये राहिलेल्या तेलाची भरपाई करायची. ड्रायर बदलायचा, अनेक नव्या गाड्यांत तो कंडेन्सरलाच जोडलेला असतो.

१८/
मग व्हॅक्यूम पंप लावायचा. निर्वातात पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो, त्यामुळे आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. पंप बंद करून काटा स्थिर राहतो का, ते पाहायचे. काटा सरकला तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय पुढे जायचे नाही. शेवटी उत्पादकाने नेमून दिलेला गॅस वजन करून भरायचा. अंदाजाने नव्हे.

१९/
देखभाल तर याहून साधी. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकलेला पाचोळा, चिखल, किडे काढायचे. पाणी हलक्या धारेने सोडायचे. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे आडवे होतात आणि वारा अडतो. सांध्यावर तेलकट डाग दिसला, तर ती बहुधा गळतीची खूण असते, कारण गॅसबरोबर तेलही झिरपते.

२०/
गोष्ट येथे संपत नाही. आर-१३४ए ओझोनला इजा करत नाही; मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. युरोपीय संघाने २०१७ पासून नव्या मोटारींत तो बंद केला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताने अशा वायूंत २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात मान्य केली आहे. एका पिढीचा उपाय पुढच्या पिढीचा प्रश्न झाला.

२१/
तरीही आभाळ सांधले जात आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार, सध्याची धोरणे टिकली तर अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. आर-१२ गाडीत भरणाऱ्या कारागिरांपैकी फारच थोडे ते पाहायला असतील. ठिगळ कुठे लावायचे, या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर मात्र सापडले आहे : जेथे गळती आहे, तेथे. ‘नुसता गॅस भरून द्या’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘आधी गळती शोधू’ असे म्हणणारा कारागीर तेच करत असतो.