मोटारीतला थंडावा

मोटारीत बसावे, बटण दाबावे आणि गार वारा अंगावर यावा, याचे आज कोणास नवल वाटत नाही. पण एखाद्या जुन्या, नामांकित अमेरिकन मोटारीचा काँप्रेसर बदलावयाचा म्हटले, की जाणता मिस्त्री जरा थबकतो. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते? झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. मोटारीतही तेच घडते. फरक इतकाच की येथे उडून गेलेली वाफ पुन्हा धरून आणावयाची असते. काँप्रेसर ती दाबतो, पुढच्या जाळीत तिची उष्णता बाहेर पडून द्रव होतो, आणि तोच द्रव आत जाऊन पुन्हा उडतो. असे हे चक्र चालू राहते.

ही सोय प्रथम विकावयास आणली ती पॅकार्ड कंपनीने. १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात तिने आपली गार मोटार मांडली. या सोयीची किंमत होती २७४ डॉलर! थंडावा देणारा भाग डिकीत होता आणि काँप्रेसरला क्लच नव्हता. थंडावा नको असला तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा! गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही, यात नवल ते काय? पुढे १९५३ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी ही सोय पुन्हा आणली. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सारी यंत्रणा मोटारीच्या पुढच्या भागातच बसविली, आणि मग मात्र तिचा प्रसार झपाट्याने झाला.

अशा बहुतेक मोटारींत खेळत होता तो आर-१२ नावाचा वायू. थॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी यांनी शोधलेल्या या जातीच्या वायूंची माहिती १९३० मध्ये जगापुढे आली. हा वायू पेटत नाही, विषारीही नाही. मिजलींनी तो भर सभेत छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवून दाखविली. लोकांस वाटले, हा तर निर्दोष वायू! परंतु १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की असे वायू उंच वातावरणात जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीन आपल्यावरचे ओझोनचे छत्र झिजवितो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे भगदाड जगजाहीर झाले आणि १९८७ मध्ये माँट्रिअलचा करार झाला. १९९५ अखेर प्रगत देशांत आर-१२ चे उत्पादन जवळजवळ थांबले.

आता मिस्त्रीची अडचण ध्यानात येईल. आर-१२ च्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाही. पण जुने खनिज तेल त्यात मिसळत नाही. तेल फिरून परत आले नाही, तर नवा काँप्रेसरही कोरडा पडून जाम होतो. म्हणून तेल बदला, ओल शोषणारी डबी बदला, रबरी नळ्या आणि सील तपासा. जुना काँप्रेसर जाम होऊन मोडला असेल, तर त्याचा धातूचा कीस साऱ्या नळ्यांतून धुऊन काढा. एक भाग बदलू म्हणता म्हणता सारे घरच आवरावे लागते!

मूळचा जड काँप्रेसर दुरुस्त करावा, की हलका जपानी बसवावा? हौशी मंडळींत यावर वाद होतात. ते खुशाल होवोत. पण एक गोष्ट वादातली नाही. नट सैल करण्याआधी आतला वायू यंत्राने काढून टाकीत भरून घ्यावा. तो हवेत सोडण्यास अमेरिकेत १९९२ पासून कायद्याने मनाई आहे. नवा वायूही असाच जपावा, कारण तो पृथ्वी तापविणारा आहे.

काँप्रेसर बिघडला तर दुसरा मिळेल. डोक्यावरचे छत्र झिजले, तर ते कोणत्या दुकानी मिळणार?