‘तमस’ला भिवंडी कारण आहे

जानेवारी 1988 मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ लागला होता. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचा चित्रपट. लांबी जवळपास पाच तास, म्हणून हप्त्याहप्त्याने दाखवला. बहुतेकांच्या डोक्यात ही पंजाबची, फाळणीची गोष्ट म्हणून बसलीय. ती आहेच. पण साहनी ती लिहायला बसले ते आपल्या ठाणे जिल्ह्यातलं एक गाव बघून.

मे 1970. शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली, पाठोपाठ जळगावही. दंगल शमल्यावर भीष्म साहनी त्यांचे थोरले भाऊ बलराज (हो, ‘दो बिघा जमीन’वाले) यांच्यासोबत भिवंडीत गेले. जळकी घरं, ओस गल्ल्या, आणि ज्या गावात मागांची खडखड कधी थांबत नाही तिथे सगळे माग गप्प. ते बघून त्यांना रावळपिंडी आठवली. साहनी मूळचे तिथलेच, काँग्रेसचे कार्यकर्ते. मार्च 1947 ची दंगल त्यांच्याच शहरात आणि आसपासच्या खेड्यांत झालेली. थोहा खालसा गावात शीख बायकांनी लेकरांसकट विहिरीत उड्या टाकल्या, ती याच दिवसांतली. एवढी वर्षं मनात दाबलेलं ते सगळं भिवंडीने वर काढलं. दिल्लीला परतून त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. 1975 साली तिला साहित्य अकादमी मिळाला.

गोष्ट सुरू होते पाच रुपयांपासून. कातडी सोलणाऱ्या नत्थूला मुराद अली पाच रुपये देतो आणि सांगतो, जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना मेलेलं डुक्कर हवंय. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं. पुढचं सांगायला नको. इंग्रज डेप्युटी कमिशनर रिचर्डकडे शहरातले लोक हात जोडून जातात, कर्फ्यू लावा, निदान एक विमान तरी वरून फिरवा म्हणतात. तो हात वर करतो. खेडीच्या खेडी जळून झाल्यावर विमान येतं, आणि दंगल थांबते!

कादंबरीत नत्थू मधेच हरवतो, त्याचं मरणही ओझरतं कळतं. निहलानींनी त्याला (ओम पुरी) आणि त्याच्या गरोदर बायकोला (दीपा साही) शेवटपर्यंत सोबत ठेवलं. मला हा बदल मूळ पुस्तकापेक्षा जड वाटतो, कारण पाच रुपयांचं ओझं घेऊन एक माणूस आपल्यासमोर चालत राहतो. म्हातारा हरनामसिंग झालेत खुद्द भीष्म साहनी. निहलानीही कराचीत जन्मलेले, फाळणीत इकडे आलेले.

मालिका सुरू झाली आणि बंदीची मागणी आली. दंगली भडकतील म्हणे. मुंबई हायकोर्टात आधी स्थगिती मिळाली. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी एक साधी गोष्ट केली, जी आजकाल कुणी करत नाही. निकाल द्यायच्या आधी अख्खा चित्रपट बघितला. आणि स्थगिती उठवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही फेब्रुवारी 1988 मध्ये बंदी नाकारली गेली. त्या निकालात कसोटी वापरली ती न्या. व्हिव्हियन बोस यांनी नागपूर हायकोर्टात स्वातंत्र्याच्या आधी घालून दिलेली: लिखाणाचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, जागोजागी धोका हुंगणाऱ्या कच्च्या मनाच्या माणसाच्या नव्हे.

भिवंडीच्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. तो अहवाल आपल्यापैकी किती जणांनी उघडून बघितलाय, हा प्रश्न मी विचारून ठेवतो.

कादंबरी हाताशी असेल तर शेवटची पानं पुन्हा वाचा. दंगल संपलीय, अमन कमिटीची बस शहरातून निघालीय, एकीच्या घोषणा चालल्यात. नत्थू केव्हाच मेलाय. आणि ड्रायव्हरशेजारी बसून सगळ्यांत मोठ्याने घोषणा देणारा माणूस आहे मुराद अली.