तीन वर्षांचे रविवार

आठवीच्या वर्गात मी एकदा बेधडक सांगून टाकले, की दोनाचा मूळसंख्येइतका घात करून त्यातून एक वजा केला, म्हणजे उरते तीही मूळ संख्याच. फळ्यावर ३, ७, ३१, १२७ लिहूनही दाखवले. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन उभा राहिला. "सर, अकराव्या घाताचे २०४७ येतात. त्याला तेविसाने भाग जातो." जातोच की! २३ गुणिले ८९.

ती चूक मला पुष्कळ दिवस टोचत राहिली. पुढे वाचताना कळले, की या वाटेवर घसरलेला मी एकटाच नव्हे.

पॅरिसचा ख्रिस्ती संन्यासी मर्सेन याने १६४४ साली ठासून लिहिले, की २५७ पर्यंतच्या घातांपैकी अमुक अकरा घातांपासूनच मूळ संख्या मिळतात. अकरा त्याने बरोबर वगळला होता. पण ६७ घेतला होता. दोनाचा ६७ वा घात वजा एक म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. या एकवीस आकड्यांवर कोण भागाकार करीत बसणार? १८७६ साली एद्वार ल्यूका या फ्रेंच गणित्याने दाखवले, की ही संख्या मूळ नाही. पण त्याच्या रीतीने ती फुटते एवढेच कळे. कशी फुटते, ते कळत नसे. चोराची पावले दिसली, चोर दिसला नाही!

तो सापडला १९०३ साली. ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित-परिषदेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक बोलायला उठले. बेल या गणित्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी, की ते काही बोललेच नाहीत. खडू घेऊन त्यांनी दोनाचा ६७ वा घात मांडला, एक वजा केला. मग शेजारच्या मोकळ्या जागेत १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा हातगुणाकार केला. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले, आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला.

हे शोधायला किती वेळ लागला, असे बेलने पुढे विचारले. उत्तर आले, "तीन वर्षांचे रविवार."

या संख्येचा भाजक १३४ च्या पटीत एक मिळवूनच होतो. (२०४७ ला तसाच २२ चा नियम; म्हणून २३!) ओळीने उमेदवार घेतले, तर कोलांचा भाजक १४,४५,५८० वा येतो. वर्गसंख्यांच्या बाक्यांवरून ते नको असलेले गाळीत गेले, तरी कागदावर आकडेमोड केवढी! माझे रविवार वह्या तपासण्यात जातात, आणि तेवढ्यानेही मी कुरकुरतो.

२०२४ साली याच जातीची चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या संगणकांनी हुडकली. कोलांची संख्या तर यंत्र क्षणात फोडते.

आता त्या धड्याला मी फळ्यावर २०४७ लिहितो, आणि काही न बोलता खुर्चीत जाऊन बसतो.