मांजरेची तांबूस रेती : एका नदीचा खडकात लिहिलेला इतिहास

१/ देगलूर-बिलोली पट्ट्यातील मांजरेची तांबूस रेती बांधकामासाठी दूरदूरच्या शहरांत जाते. हीच नदी बीड-लातुरातून वाहते तेव्हा तिच्या काठी मुख्यतः काळी माती दिसते. एकाच नदीचे असे दोन स्वभाव का? उत्तर खडकात आहे.

२/ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यांतून काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. पुढे पावसाने आणि प्रवाहांनी हे थर कापले. टणक थर सपाट माथ्यांच्या रूपाने उरले. बालाघाटचे डोंगर त्यांपैकीच.

३/ मांजरेचा उगम याच बालाघाटात, बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात. गोदावरी तेथून फार दूर नाही. पण मध्ये डोंगर आहे. म्हणून मांजरा आग्नेयेकडे उतरते, लातूर-बिदर ओलांडून तेलंगणात शिरते, तेथे उत्तरेकडे वळते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते.

४/ या वाटेवर लाव्ह्याचे आवरण विरळ होत संपते. देगलूर, मुखेड, बिलोली हा प्रदेश त्या कडेवर आहे. झिजलेल्या थरांखालून येथे ग्रॅनाइट उघडा पडला आहे. त्याचे वय २५० कोटी वर्षांहून अधिक!

५/ बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसते. तो झिजला की काळी माती होते. ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर असते. त्याचे इतर घटक कुजून चिकणमाती बनतात, गारगोटीचे कण मात्र टिकतात. तीच ही रेती.

६/ आता मानवी इतिहास. १९२३ ते १९३१ या काळात निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीत, अभियंता अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली मांजरेवर निजामसागर धरण उभे राहिले. वरून वाहत येणारी बहुतांश रेती तेव्हापासून तेथेच अडते.

७/ १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. उरलेला तालुका मुंबई राज्यात आला. एका तालुक्याची नदी दोन राज्यांची झाली.

८/ धरणाखालच्या या टप्प्यात नवी रेती आणण्याचे काम आता मुख्यतः लेंडी, मन्याड यांसारख्या उपनद्यांवर आहे. त्यांच्यावरही धरणे झाली वा होत आहेत. उपसा मात्र हायवा भरभरून चालतो.

९/ रेती पावसाचे पाणी पात्रात धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. ती गेली की उन्हाळ्यात विहिरी लवकर आटतात. खडकाची रेती व्हायला हजारो वर्षे लागतात. घाट रिकामा व्हायला काही हंगाम पुरतात. मांजरेचा इतिहास वाचताना हे दोन कालखंड शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.