मत द्यायला शिकवणारी शाळा

सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन संस्थांचे धडे असतात. ग्रामपंचायतीत किमान ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य, मुदत ५ वर्षांची, मतदाराचे वय १८, उमेदवाराचे २१, हे सारे मुले बिनचूक पाठ करतात आणि पेपरात लिहून गुणही मिळवतात. पण तीन उमेदवार समोर उभे असतील तर त्यांतला एक निवडायचा कसा, हा प्रश्न कोणत्याही चाचणीत येत नाही. तो शिकवण्याचा विषय आहे, असेच आपल्याला वाटत नाही. अठरावे वर्ष पूर्ण झाले, मतदार यादीत नाव लागले, की ही समज आपोआप येते अशी आपली कल्पना असते. पोहायला न शिकवता मुलाला विहिरीवर न्यावे, तसेच हे झाले.

मी अनेक वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. दोन्ही विषय एकाच पुस्तकात असतात. इतिहास पुढे, नागरिकशास्त्र मागे. परीक्षा जवळ आली की मागची पाने घाईघाईने उरकायची, असा बऱ्याच ठिकाणचा रिवाज. माझे म्हणणे असे की, निवड कशी करावी हे शिकवण्यासाठी आपल्याकडे सर्वांत उत्तम साधन त्याच पुस्तकाच्या पुढच्या भागात आहे. आपल्या गावांच्या आणि शहरांच्या कारभाराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मुलांसमोर ठेवला, तर उमेदवाराला काय विचारावे हे वेगळे सांगावे लागत नाही.

१८ मे १८८२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव केला. त्यातले एक विधान शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. नगरपालिका आणि लोकल बोर्डे लोकांच्या हाती द्यायची, ती प्रामुख्याने कारभार सुधारावा म्हणून नव्हे, तर लोकांना सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळावे म्हणून, असा त्याचा आशय होता. म्हणजे स्थानिक संस्था ही मुळात एक शाळा म्हणूनच कल्पिलेली होती.

या शाळेत प्रवेश मात्र सर्वांना नव्हता. मुंबई शहरात रिपनच्या आधीच निवडणूक आली होती. १८७२ च्या कायद्याने महापालिकेत ६४ सभासद ठरले. त्यांतले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे होते. उरलेल्यांपैकी १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी आणि १६ सरकारने नेमायचे. या कायद्याखालची पहिली निवडणूक १८७३ मध्ये झाली. मी वर्गात ही निवडणूक उभी करत असे. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यायची. कोणी गिरणी कामगार, कोणी हमाल, कोणी मोलकरीण, कोणी चाळीतला भाडेकरू, कोणी चाळीचा मालक, कोणी पेढीवाला शेठ. मग सांगायचे, ज्याला १८७३ साली मत होते त्याने उभे राहावे. चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन जण उभे राहत. बाकीची मुले एकमेकांकडे बघत बसत.

मग एकेक साल घ्यायचे. १९२२ च्या कायद्याने मुंबईत काही भाडेकरूंना मत मिळाले; आणखी काही जण उठले. १९२३ मध्ये सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले महापालिकेत सभासद म्हणून आल्या. मुली सावरून बसल्या. १९४८ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली, आणि सगळा वर्ग उभा राहिला. १९८९ मध्ये मतदाराचे वय २१ वरून १८ वर आले, तेव्हा मुलांनी बोटांवर आपली वर्षे मोजली. बसलेला वर्ग उभा राहायला पाऊणशे वर्षे लागली, एवढे लक्षात आले की मत ही फुकट मिळालेली वस्तू नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण मत मिळाले म्हणजे काम संपले नाही. ते कशासाठी वापरायचे? इथे मी मुलांना पुण्यात घेऊन जातो. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी १००० रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव पालिकेत आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे फुल्यांचे म्हणणे होते. मते घेतली गेली तेव्हा विरोधात एकट्या फुल्यांचे मत पडले. ज्यांनी त्यांना नेमले, त्याच सरकारच्या सर्वांत मोठ्या पाहुण्यासाठी हा खर्च होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका मताचे वजन कळते. मुलांना मी विचारतो, फुले हरले का? वर्गात दोन तट पडतात. पडू द्यावेत. पैसा कोणाचा, तो कशावर जातो आणि सभागृहात त्याबद्दल तोंड कोण उघडते, हे तीन प्रश्न त्या भांडणातून आपोआप वर येतात.

दुसरे उदाहरण खुद्द शाळेचे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला आणि सक्ती लागू करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार नगरपालिकांकडे आला. मुलाला शाळेत घालणे बापाला भाग पडावे की नाही, हे नगरपालिकेत बसलेल्या माणसांच्या हाती होते. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला हे सांगितले, की तुझ्या शाळेच्या पाटीवर ज्या संस्थेचे नाव आहे तिचे सदस्य तुझ्या घरची माणसे निवडतात, की तो चमकून पाटीकडे पाहतो. ती पाटी त्याने रोज पाहिलेली असते.

तिसरे उदाहरण महाडचे. हे मी सर्वांत सावकाश शिकवतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी आणि सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडले. पाण्यापर्यंत मात्र कोणी पोचू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर ४ वर्षे झाली त्या तारखेला, त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

हा धडा झाल्यावर एकदा एका मुलीने विचारले, “सर, ठराव केल्यावर तीन वर्षं त्यांनी काय केलं?” मला वाटते, उमेदवार पारखण्याचा याहून नेमका प्रश्न नाही. ठराव करणे सोपे असते. त्यासाठी तळ्याच्या काठी जाऊन उभे राहणे, विरोध करणाऱ्या शेजाऱ्याला समजावणे, वेळ आली तर पुढच्या निवडणुकीत पडायची तयारी ठेवणे, हे अवघड. दुसऱ्या एका मुलाचा प्रश्न आणखी अडचणीचा होता. ज्यांनी ठराव रद्द केला, ते मतदारांच्या मनासारखेच वागले असतील, मग ते चुकले कसे? तेव्हा मी त्याला आमची चिठ्ठ्यांची निवडणूक आठवायला सांगितली. त्या काळी मत असे ते कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्यांना. तळ्यापासून ज्यांना दूर ठेवले होते, त्यांच्यातल्या किती जणांना मत असेल? मतदारांच्या मनासारखे वागणे आणि गावाच्या भल्याचे वागणे यांत अंतर पडू शकते, आणि यादीत ज्यांची नावे नाहीत त्यांचाही विचार सभासदाने करायचा असतो, हे मुलांनी स्वतःच मांडले.

शाळेतली मुले आज त्याच जागी आहेत. पाणी, गटार, दिवे, शाळेची गळकी कौले, यांचा त्रास त्यांना पुरेपूर होतो, मत मात्र नाही.

एवढा पाया झाल्यावर आजच्या निवडणुकीकडे वळायला हरकत नाही. मी एक साधी पद्धत वापरली. निवडणुकीच्या दिवसांत घरोघर पत्रके येतात. ती मुलांनी आणायची. पण नाव, फोटो, पक्ष आणि चिन्ह घरीच कापून टाकायचे. उरलेल्या आश्वासनांच्या चार ढिगाऱ्या करायच्या. पहिल्या ढिगारीत त्या संस्थेच्या अधिकारातली कामे: नळाचे पाणी, गटारे, दिवाबत्ती, कचरा, रस्ते. दुसरीत विधानसभेच्या किंवा संसदेच्या अधिकारातली. तिसरीत कोणाच्याच हातात नसलेली. चौथीत उमेदवार स्वतःच्या खिशातून देतो ती: भांडी, सहली, मंडळाला देणगी. मुलांना सर्वांत नवल वाटते ते या चौथ्या ढिगारीचे. खिशातून दिलेला पैसा पुढे कुठून भरून काढला जाईल, हा हिशेब ती बरोबर करतात. दुकानात आईबरोबर जाणाऱ्या मुलांना एवढा व्यवहार कळतो.

मग पहिल्या ढिगारीवर प्रश्न लिहायचे. या कामाला पैसा कुठून येणार, घरपट्टीतून की अनुदानातून? हा उमेदवार आधी सदस्य असेल, तर सभांना किती वेळा हजर होता? ग्रामसभेत कधी बोलला का? २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवारांनी आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर देण्याचा पायंडा पडला. ते शपथपत्र घरातल्या कोणी वाचले का?

एका पालकांनी मला हटकले होते, “गुरुजी, पोरांना आतापासून राजकारण कशाला?” त्यांची काळजी रास्त होती. शिक्षकाचा स्वतःचा कल मुलांच्या गळी उतरता कामा नये. म्हणूनच कात्री आधी चालवायची. कोणाला मत द्यावे हे शिक्षकाने सांगायचे नसते. कोणते प्रश्न विचारावेत हे सांगायला हरकत नसावी.

माझा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि दर ५ वर्षांनी स्थानिक निवडणुका घेण्याचे बंधन आले. महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. त्याआधीच, १९८९ मध्ये, शेतकरी संघटनेच्या चळवळीतून जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने संपूर्ण महिला पंचायत निवडून दाखवली होती. कायद्याने खुर्ची राखून ठेवण्याआधी मतदारांनी ती दिली होती. इतके सारे मिळवूनही २०२२ मध्ये मुदत संपलेल्या महापालिकांच्या निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या. मुंबईत मार्च २०२२ पासून प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे २०२२ साली जी मुले सहावीत नगरसेवकाची कामे पाठ करत होती, ती नववी ओलांडेपर्यंत त्यांच्या वॉर्डात नगरसेवकच नव्हता. त्याची आपल्यापैकी किती जणांना चुटपुट लागली? ज्याला मताचा उपयोग शिकवलेला नसतो, त्याला ते वेळेवर मिळाले नाही तरी चुकल्यासारखे वाटत नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गातच मतदान केंद्र असते. फळ्यावर खोली क्रमांक चिकटवतात, बाके भिंतीशी सरकवतात, शिक्षक निवडणुकीच्या कामावर असतात आणि मुलांना सुट्टी असते. ती सुट्टी राहू द्यावी. पण आदल्या आठवड्यातल्या दोन तासिका शिक्षकांनी या विषयाला द्याव्यात. एका तासिकेला महाडचे ते दोन ठराव वाचावेत, दुसऱ्या तासिकेला पत्रकांना कात्री लावावी. मुले घरी जाऊन जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे शोधायला मोठ्या माणसांना उमेदवाराच्या दारात जावे लागेल.